पितळी म्यूट

मोंतेविदेओच्या वाद्यवृंदाची निवड चाचणी तोंडावर आली होती आणि ग्रासियानाला घरात धड सरावही करता येत नव्हता. तिने व्हायोलिन वाजवायला घेतलं की खालच्या मजल्यावरचे फेर्मिन आजोबा काठीने छत ठोकायचे.

आवाज दाबायला तारांखालच्या घोडीवर बसवतात तो रबरी म्यूट तिने आणला. आवाज निम्मा झाला, ठोकणं तेवढंच राहिलं. मग तिने जड पितळी म्यूट आणला. आता तिचं वाजवणं तिलाच जेमतेम ऐकू यायचं.

“पोरी, कान किटले गं माझे,” आजोबा जिन्यात म्हणाले.

“मग काय आता हवेत बोटं फिरवू, आजोबा?” ती वैतागून म्हणाली.

त्याच दिवशी पितळी म्यूट निसटून व्हायोलिनवर आदळला आणि लाकडाला चीर गेली. व्हायोलिन दुरुस्तीला गेलं. ऐन सरावाच्या आठवड्यात ती चिडून, रिकाम्या हातांनी घरात बसून राहिली.

शनिवारी दार वाजलं, तेव्हाही व्हायोलिन दुरुस्तीच्या दुकानातच होतं. काखेत थर्मास धरून आजोबा उभे होते.



“पोरी, काल तू ते संथ वाजवलंस ना, डोळ्यांत पाणी आलं बघ. चाचणीत अगदी असंच वाजव.”