बारा मनगट्या

मंजुळाताईंनी पाय पसरले, चार महिन्यांच्या रेवाला पायांवर पालथं घातलं आणि कोमट पाणी ओतत तिच्याशी गप्पा सुरू केल्या. रेवाच्या मनगटीतला काळा मणी हिरवा उजळला. बाळाच्या मेंदूत नवे धागे जुळू लागले की तो असा उजळायचा. हल्ली जन्मतःच प्रत्येक बाळाला ही मनगटी बांधत.

पाळणाघराच्या तपासणीला आलेले पिंगळे साहेब खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. "ताई, आंघोळीचं यंत्र दिलंय ना? चार मिनिटांत बाळ स्वच्छ. म्हणून तर दुसरी बाई काढून घेतली."

"काल घातलं होतं हिला त्यात. निघाली स्वच्छ, पण मणी काळाच."

"स्वच्छ झाली, बास की."

"स्वच्छ भांडीपण होतात, साहेब."

ताईंनी सतरंजीकडे बोट दाखवलं. तिथे अकरा बाळं होती. काही रडत होती, काही छताकडे बघत होती, आणि अकराही मणी काळे होते. "मी एकटी. आज कोणती अकरा अंधारात ठेवू, ते सहीनिशी लिहून द्या."

"वरून आदेश आहे, ताई."

ताईंनी रेवाला टॉवेलात गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि सर्वांत मोठ्यानं रडणारा अद्वय साहेबांच्या मांडीत ठेवला. साहेब अवघडले. अद्वयनं त्यांचा चष्मा ओढला.

"अरे सोड, लबाडा," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

मणी हिरवा उजळला.

"दोन झाली," ताई म्हणाल्या. "राहिलेल्या दहांसाठी माणसं मागवा. ती येईपर्यंत तुम्ही इथून उठायचं नाही."