मधल्या खोलीचा अंदाज

नाताळच्या आठवड्याचा हवामान अंदाज सकाळीच आला: नाशिकला हवा कोरडी, थंडी बेताची. प्रभाताईंनी मग आपल्या घराचा अंदाज उघडला. हल्ली तो खोलीगणिक यायचा, आणि कुठल्या खोलीत किती माणसं असतील, त्यांच्या अंगाची ऊबही त्यात धरलेली असायची. अंदाज आपला नावाला. चुकायचा कधीच नाही. मुलगा-सून आले की उतरायचे ती मधली खोली आठवडाभर सोळा अंश होती. म्हणजे रिकामी.

तेवढ्यात बंगळुरूहून मुलाचा फोन आला. “आई, तिकिटं काढली. गुरुवारी आम्ही चौघंही येतोय!”

“या. डिंकाचे लाडू करायला घेते,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. “अहो, माळ्यावरून पार्सलचं खोकं काढा. लाडू यंदाही पाठवावे लागणार.”