कासवाची पाठ

लोणावळ्यात घरी बसून तेजल समुद्री कासवं ओळखायची. किनाऱ्यावरून लोक फोटो पाठवायचे आणि पाठीवरचे खवले मोजून ती सांगायची, हे ऑलिव्ह रिडले की हिरवं कासव. "हितं ना समुद्र ना वाळू, आन आमची सून कासवांची जात सांगती," असं तिच्या सासूबाई, सरूबाई, गावभर सांगायच्या.

बचत गटाच्या सहलीला सरूबाई कोकणात गेल्या आणि सकाळी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "तेजल, अंडी घालून एक कासव निघालंय बघ. सांग कंच्या जातीचं हाय."

"आई, पाठ दाखवा."

पाठीवर हळदीकुंकवाचा असा थर होता की एक खवला दिसेल तर शपथ. तेजलने कपाळाला हात लावला आणि डोकं दाखवायला सांगितलं. डोक्यावर जास्वंद होती.

"देवळात देवाम्होरल्या दगडाच्या कासवाला वाहतो, मग जित्याला नको व्हय?" सरूबाई म्हणाल्या.

तेजल रडकुंडीला आली. फोटो काढायला माणसं पुढ्यात उभी राहतात आणि बिचारं कासव पाण्यापर्यंत पोचतच नाही, हे तिने कितीदा पाहिलं होतं. "आई, जात राहू दे. त्याच्या वाटेत कुणी उभं नाही ना, तेवढं बघा."

सरूबाईंनी फोन फिरवला. अख्खा बचत गट कासवाच्या मागे हात जोडून उभा होता आणि पुढे थेट लाटांपर्यंत वाळू मोकळी होती.



"येडी का काय तू. कासवाच्या आन देवाच्या मधी कुनी उभं ऱ्हातं व्हय?"