मंगळवारच्या गोळ्या

शेवटचं पान वाचता वाचता कात्रीताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. तोंडाची चवच गेली होती.

लेखकांच्या ऑनलाइन गटात त्यांना सगळे कात्रीताई म्हणत. कुणीही कथा पाठवावी, ताईंनी ती शेवटच्या टिंबापर्यंत वाचावी, आधी कौतुक करावं आणि मग समासात लिहावं, "हे काढून टाका." त्यांच्या कात्रीखालून गेल्याशिवाय गटाच्या वार्षिक संग्रहात एकही कथा जात नसे.

आजची कथा औषधवाल्याची होती. तो औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा, म्हणून गटात त्याचं नाव औषधवाला. तीन वर्षं ताईंच्या हाताखाली घासल्यावर त्याची कथा संग्रहासाठी पहिल्यांदाच निवडली गेली होती. त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगून ठेवलं होतं.

आणि त्या कथेत हे होतं: "आई सोमवारी गेली. डबीत मंगळवारच्या गोळ्या तशाच होत्या. त्या मी गिळल्या."

ताईंच्या कादंबरीतलं पान एकशे बारा. काना-मात्रेचाही फरक नाही. गेल्या वर्षी कादंबरीला बक्षीस मिळालं तेव्हा ताईंनी व्यासपीठावरून हेच वाचून दाखवलं होतं आणि सभागृहात रुमाल निघाले होते. अनोळखी बायकांनी हात हातात घेऊन त्यांचं सांत्वन केलं होतं.

"काय गं, तोंड का वाकडं?" समोरच्या खुर्चीतून आईने विचारलं.

"पुस्तकातलं उचललंय एकाने. ते गोळ्यांचं."

"उचलू दे की. त्या पुस्तकात तू मला मारलंस तेव्हापासून माझी तब्येत ठणठणीत आहे." स्वतःच्याच विनोदावर आई खोकला येईपर्यंत हसली. ऐंशी ओलांडलेली ही बाई औषधाला म्हणून गोळी घेत नसे.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी औषधवाल्याला फोन लावला.

"कथा छान उतरलीय हो. फक्त ते गोळ्यांचं काढून टाका."

"जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको," तो कुणा गिऱ्हाइकाला सांगत होता. मग म्हणाला, "ते राहू द्या ताई. एकदा काढलं होतं. काढल्यावर कथेत आईच उरेना."

"माझी कादंबरी वाचलीत तुम्ही?"

"अजून नाही. वाचनालयात नंबर लावलाय."

"मग ही कथा कधीची?"

"जुनीच की. फोन पाण्यात पडला, त्यात सगळं गेलं. ईमेलसुद्धा नवीन काढावा लागला. आठवून आठवून परत लिहिली."

आठवून! ताईंनी फोन ठेवून दिला. किती साळसूद आवाज, जसं काही तोंडात बोट घातलं तरी चावता येत नाही. पालीला हात लागावा तसे त्यांनी हात पदराला पुसले.

तरी त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. कथा बदलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून गटावर टाकली आणि खाली लिहिलं, "दुसऱ्याची आई गेल्याचं दुःखसुद्धा जो चोरतो, त्याला काय म्हणावं? मला शिसारी येते."

तासाभरात गट पेटला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, असं एकाने लिहिलं. कालपर्यंत त्याच्याकडून फुकट औषधांचे सल्ले घेणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, "मला पहिल्यापासून संशय होता." गटप्रमुखांनी त्याला खुलासा विचारला.

औषधवाल्याने एकच ओळ लिहिली. "ताईंना विचारा, त्या खरं सांगतील."

"चोराच्या उलट्या बोंबा!" कुणीतरी लिहिलं, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळच्या आत संग्रहातून कथा निघाली आणि गटातून माणूस. ताईंनी सगळ्यांचे आभार मानले. वाईट वाटतं, म्हणाल्या, शेवटी माझ्याच हाताखाली शिकलेला.

मग त्यांनी जुने ईमेल उघडले. तीन वर्षं मागे जाऊन औषधवाल्याने पाठवलेली पहिलीवहिली कथा शोधून काढली आणि कायमची पुसण्याआधी तिच्यावरून एकदा नजर फिरवली. मंगळवारच्या गोळ्यांवर लाल रेघ मारलेली होती, आणि समासात त्यांचीच टीप होती: "हे काढून टाका. किळसवाणं आहे, आणि मुळीच खरं वाटत नाही."