सत्तावीस नंबरचा सुळका

पडद्यावरच्या आलेखात तो सुळका पुन्हा उभा राहिला. तिसऱ्यांदा.

"मॅडम, या लवकर!" संशोधिका जवळजवळ ओरडलीच.

मॅडम चष्मा कपाळावर चढवत आल्या. रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे तोलणारं ते मास स्पेक्ट्रोमीटर गेले चार महिने दोघींना नाचवत होतं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या चाळीस रुग्णांत हा सुळका हमखास दिसायचा. चाळीस धडधाकट माणसांत नाही. अपवाद फक्त सत्तावीस नंबरचा. माणूस ठणठणीत आणि सुळका हा एवढा!

"रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल. वगळून टाक तो."

"त्याचीच दुसरी नळी घेतली, मॅडम. यंत्रही धुऊन काढलं. हटत नाही तो."

मॅडम पडद्यापाशी वाकल्या. "म्हणजे यंत्र बरोबर असेल तर..."

"...तर तो माणूस धडधाकट नाही."

मॅडमनी लगेच फोन उचलला. नावांची यादी इस्पितळातल्या डॉक्टरांकडे होती.

सत्तावीस नंबर म्हणजे पोहायला शिकवणारे एक मास्तर निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोबरोबर आले ते कुरकुरतच. "रोज चार तास पाण्यात असतो मी. मला काय धाड भरलीय?"

त्यांना स्कॅनसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर त्यांची बायको पर्स घट्ट धरून बसली. शेजारी संशोधिका. तिला राहवलं नव्हतं, म्हणून आली होती.

अर्ध्या तासानं दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे."

"आहे?" संशोधिका टुणकन उठली. "खरंच आहे?" आनंदानं तिनं टाळीसुद्धा वाजवली. मग शेजारी कोण बसलंय ते आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर मास्तरांच्या बायकोशी बोलत होते. "वाटाण्याएवढी आहे. इतकी लहान सहसा आम्हाला सापडतच नाही. तेवढी काढली की झालं."

ते आत गेले. संशोधिका खाली मान घालून म्हणाली, "काकू, माफ करा. मी अशी..."

"माफी कसली?" काकूंनी डोळे पुसले. "गाठ म्हणाले तेव्हा मी आशाच सोडली होती. तुम्ही उडी मारलीत, तेव्हा वाटलं, माणूस वाचतोय."