पाचवा नमुना

“हे प्रकरण काढून टाक,” मोठे सर म्हणाले आणि हातातला काळा दगड त्यांनी तिच्या प्रबंधावर आपटला. “बाकीचं चालेल. संध्याकाळपर्यंत डॉक्टर होशील.”

तो प्रबंध मुंगीचा. लाव्हाच्या दगडातले हिरवे कण चिमट्याने दिवसदिवसभर वेचत बसते म्हणून प्रयोगशाळेने तिला हे नाव ठेवलं होतं. ते कण चिरडले की आत कोंडलेला वायू सुटतो. त्यात हलका हेलियम भरपूर निघाला, की समजायचं, हा लाव्हा पृथ्वीच्या फार खोल पोटातून आला. तिथून तापलेल्या खडकाचा एक झोत वर चढत येतो, त्याला प्लूम म्हणतात. आपल्या डोंगरांखाली असला प्लूम कधी नव्हताच, हे मोठे सर उभी हयात सांगत आले होते. आणि मुंगीच्या पाचही नमुन्यांत हेलियम नुसता उतू जात होता.

“हे सगळे उन्हात लोळलेले धोंडे,” सर परीक्षेसाठी आलेल्या पाहुण्या बाईंना म्हणाले. “उघड्यावरच्या दगडावर आकाशातून किरणांचा मारा होतो. त्यानेही हाच हेलियम तयार होतो. पोरीने वरची घाण मोजली आणि म्हणते, खालचा खजिना सापडला!”

दोघे सहायक प्राध्यापक हसले. सरांची री ओढण्यात ते तरबेज होते. बाई मात्र हसल्या नाहीत. सरांच्या हातातल्या दगडाकडे बघून त्यांनी विचारलं, “हा कुठला?”

सर खुलले. हा प्रश्न त्यांचा लाडका होता. “ही इमारत बांधताना तळघरासाठी खड्डा खणला ना, त्याच्या अगदी तळाचा. चार मजले खाली! मी स्वतः उतरून, माझ्या हातोड्याने फोडलाय.” ते तो दगड तळहातावर खेळवू लागले. पेपरवेट म्हणून तो वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावर होता आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

थोरल्या बहिणीने सकाळीच फोनवर बजावलं होतं, “हो म्हण आणि मोकळी हो. किती वर्षं घालवणार आहेस अजून?” मुंगीने तिला तसा शब्दही दिला होता. पण ‘घाण’ म्हटलेलं तिच्या जिव्हारी लागलं. डोळ्यांच्या खाचा होईपर्यंत वेचलेले कण होते ते. गेली पदवी खड्ड्यात, असं तिने मनाशी म्हटलं.

“सर, एक विचारू? जमिनीत चार मजले खाली असलेल्या दगडात किरणांनी हेलियम होईल?”

“डोकं ठिकाणावर आहे का? दोन-तीन मीटर खडकातच किरणांचा जोर संपतो. पहिल्या वर्षाची पोरं सांगतील.”

“मग तितक्या खालच्या दगडात तो भरपूर सापडला तर?”

“तर तो पृथ्वीच्या पोटातूनच आलेला, दुसरं काय! पण असा नमुना आहे कुठे तुझ्याकडे?”

बाईंनी प्रबंधाचं पान उलटलं आणि चष्मा सावरला. “हा पाचवा नमुना. सगळ्यांत जास्त हेलियम यातच आहे. पण ठिकाणाची जागा कोरी सोडलीस. कुठून आणलास?”

“हां, सांग की आता,” सर म्हणाले.

मुंगीचा आवाज खणखणीत निघाला.

“तो तुमच्या हातात आहे, सर. खालचा कोपरा बघा. तुम्ही रजेवर होतात तेव्हा मी फोडून नेला.”