एकही कोळिष्टक नको

सन १९३४. लोणावळ्याच्या बंगल्यावर उन्हाळ्यापुरत्या राहायला आलेल्या वकिलीणबाईंना कोळिष्टकांची भारी किळस. ती दरिद्री घरांतच होतात, असं त्यांचं ठाम मत. किडामुंगी चढू नये म्हणून त्यांनी पलंगाचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवले होते, आणि मागच्याच ठाकरवाडीतली बुधी रोज सकाळी बांबूला केरसुणी बांधून बंगल्याचा कोपरा न् कोपरा झाडत असे.

"एक जाळं दिसलं तर याद राख," बाई नाकाला पदर लावून म्हणत. "माझी झोपायची खोली आहे ही, तुझी झोपडी नाही!"

"व्हय, बाईसाहेब."

एके दिवशी आरशावर एक कोळी दिसलाच. बाईंनी दाणकन चप्पल हाणली. कोळी निसटला, आरसा फुटला आणि काचेनं मनगट कापलं. टॉवेल भिजला तरी रक्त थांबेना. डॉक्टर पार बाजारात.

वाडीत अशा वेळी जखमेवर कोळ्याचं जाळं दाबतात. बुधीनं वर पाहिलं. सगळे कोपरे लख्ख, तिनंच झाडलेले. मग ती धावत आपल्या झोपडीत गेली, आढ्याचं मूठभर जाळं घेऊन आली आणि बाईंच्या मनगटावर दाबून बसली. हळूहळू रक्त थांबलं. बाईंनी या वेळी नाकाला पदर लावला नाही.

 

बुधीनं घाम पुसत छताकडे पाहिलं. "काय बाईसाहेब, येवढा थोरला बंगला तुमचा, अन् घरात साधं जाळं न्हाई!"